लेजरमधून उधळलेला घोडा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी चार वर्षांची नात आमच्याकडे राहायला आली होती. स्वतःची पिशवी तिने स्वतःच भरली होती आणि तिच्यात कपड्यांपेक्षा पुस्तकेच जास्त होती. तिला अजून वाचता येत नाही; पण वाचणाऱ्याने एखादे पान गाळले, तर ती चोर पकडावा तशी पकडते. एका दुपारी, जेवणानंतर माझा डोळा लागायच्या बेतात असताना, तिने एक पुस्तक आणून माझ्या छातीवर ठेवले. एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचे ते पुनर्मुद्रण होते. तिच्या आईने कुठल्याशा पुस्तक प्रदर्शनातून आणलेले. शेवटच्या पानावर तिचे बोट थांबले होते.

चित्र अगदी साधे. आई बाळाला घेऊन फिरायला निघाली आहे. बाळाच्या अंगावर सशाच्या कातड्याचा उबदार पोशाख आहे आणि डोक्यावर सशाचे कान उभे आहेत. समोरच्या चढावर खऱ्याखुऱ्या सशांचा मेळा भरला आहे. बाळ त्यांच्याकडे टक लावून पाहते आहे. बस्स, एवढेच. मूळ गाण्यात या प्रसंगाविषयी एक अक्षर नाही. बाबा शिकारीला गेले, ते कातडे आणतील आणि बाळाला त्यात गुंडाळतील, एवढ्यावर गाणे केव्हाच संपले आहे. चित्र मात्र संपायला तयार नाही. बाळाला आता कळले का, असे नातीने मला विचारले. काय कळले, ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही. माझी झोप मात्र पार उडाली.

हे चित्र १८८२ साली प्रसिद्ध झाले. ते काढणाऱ्याचे नाव रँडॉल्फ कॉल्डेकॉट. लहान मुलांची चित्रांची पुस्तके आज ज्या रूपात आपण घरोघरी पाहतो, त्या रूपाच्या मुळाशी ज्या दोनचार माणसांचे हात आहेत, त्यांतला हा एक. आणि अनेकांच्या मते पहिला. त्याच्याविषयी वाचू लागलो आणि दुसऱ्याच पानावर थबकलो. हा गृहस्थ वयाच्या पंधराव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत बँकेत कारकून होता! मी स्वतः छत्तीस वर्षे बँकेत काढली. दिवसा व्हाउचरे आणि रात्री कादंबऱ्या, असा माझा संसार. त्यामुळे या माणसाशी माझे नाते चित्रांच्या वाटेने नव्हे, तर बँकेच्या मागच्या दाराने जुळले, असे म्हटले तरी चालेल.

रँडॉल्फचा जन्म २२ मार्च १८४६ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टर गावी झाला. वेल्सच्या सीमेजवळचे हे पुरातन गाव; भोवती रोमन काळापासूनचा तट आणि आत लाकडी चौकटींची जुनी घरे. वडील टोप्यांचे व्यापारी होते, पुढे हिशेबतपासनीस झाले. त्यांची दोन लग्ने झाली आणि दोन्ही मिळून तेरा मुले. एवढ्या मोठ्या घरात कोणा एकाच्या वाट्याला किती आई येणार? त्यातून रँडॉल्फ सहा वर्षांचा असतानाच त्याची आई वारली.

त्याच लहानपणी त्याला आणखी एक दान मिळाले, तेही आयुष्यभर पुरणारे. त्याला सांध्यांचा ताप आला. हा ताप सांधे सोडून जातो आणि हृदयाला धरून बसतो, असे आपले जुने डॉक्टर सांगत. तेव्हा पेनिसिलिन नव्हते. ते यायला अजून कित्येक दशके होती. ताप उतरला, मुलगा उठून हिंडूफिरू लागला, पण हृदय कायमचे कमजोर राहिले. आपली शिल्लक इतरांपेक्षा कमी आहे, हे त्याला किती लहानपणी उमगले असेल कोण जाणे. उमगले नसेल असे मात्र नाही.

शाळेत तो हुशार होता. मुख्य विद्यार्थीही झाला होता. वह्यांच्या समासात चित्रे काढायची, लाकडात प्राणी कोरायचे, मातीची जनावरे करायची, हा त्याचा छंद. वडिलांना हा छंद पोटापाण्याचा वाटत नव्हता. तेरा मुलांच्या बापाला तो तसा वाटला असता, तरच नवल. १८६१ साली, पंधराव्या वर्षी, त्याची शाळा संपली आणि त्याला श्रॉपशायरमधल्या व्हिटचर्च या बाजारपेठेच्या गावी बँकेत चिकटवण्यात आले. आपल्याकडे मॅट्रिक झालेल्या मुलाला मामाच्या ओळखीने चिकटवीत, तसेच.

त्याच वर्षी एक गंमत झाली. चेस्टरच्या रेल्वे स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलला आग लागली. रँडॉल्फने तिचे चित्र काढले आणि ते 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापूनही आले. पंधरा वर्षांच्या कारकुनाचे चित्र थेट लंडनच्या साप्ताहिकात! पण त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे लंडनने त्याची दखल घेतली नाही. पहिली कथा छापून आल्यावर आता संपादकांची रांग लागणार, असे समजून बसलेल्या प्रत्येक लेखकाला ही दहा वर्षे ओळखीची वाटतील.

व्हिटचर्चची सहा वर्षे मात्र सुखाची गेली. गावापासून दोनेक मैलांवरच्या एका शेतघरी तो राहत असे. बँकेच्या कामासाठी खेडोपाडी अशिलांकडे जावे लागे. कधी घोड्यावर, कधी टांग्यातून. बाजारचे दिवस, गुरांच्या जत्रा, कोल्ह्याची शिकार, ओढ्याकाठची मासेमारी हे सगळे त्याला जवळून पाहता आले. ज्याने ग्रामीण शाखेत काम केले आहे, त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. शहरातल्या शाखेत खाते नंबराने ओळखतात, खेड्यातल्या शाखेत चालीवरून. दारातून आत येणारा माणूस कर्ज मागायला आला आहे की हप्ता चुकल्याचे सांगायला, हे त्याने जोडे काढण्याआधी कळते. कॉल्डेकॉटच्या पुढच्या चित्रांमधला लठ्ठ जमीनदार, तांबड्या नाकाचा शिकारी, कुंपणावरून डोकावणारी दूधवाली, ओझ्याने वाकलेला गडी ही सारी मंडळी या सहा वर्षांत त्याच्या काउंटरसमोर किंवा घोड्याच्या वाटेवर उभी राहिलेली असणार. घोडा तर त्याला इतका पाठ झाला की पुढे तो चारसहा रेघांत घोडा उभा करी, आणि तो घोडा कागदावर उभाही राहत नसे, सुटत असे!

१८६७ साली मँचेस्टरच्या एका बँकेत त्याची सोय झाली. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांची राजधानी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, ज्या लँकशायरला आपल्या मुंबई बंदरातून गासड्यांवर गासड्या कापूस जात होता आणि ज्या कापसाच्या पैशाने मुंबईत शेअरांचे वेड माजले, त्याच लँकशायरचे हे मोठे शहर. इथे शेतघर नव्हते, ओढा नव्हता, धूर होता. पण इथे चित्रकलेची शाळा होती आणि संध्याकाळचे वर्ग होते. दिवसभर आकडे आणि दिवे लागल्यावर रेघा, असा क्रम सुरू झाला. कलावंतांच्या एका क्लबात उठबस सुरू झाली आणि स्थानिक नियतकालिकांत चित्रे येऊ लागली. एका चित्रकार मित्राच्या मदतीने लंडनच्या एका मासिकाच्या संपादकांशी, हेन्री ब्लॅकबर्न यांच्याशी, ओळख झाली आणि तिथेही चित्रे छापली जाऊ लागली.

आणि १८७२ साली, सव्विसाव्या वर्षी, त्याने बँकेची नोकरी सोडली.

हे वाक्य मी सहज लिहिले. पण ते लिहून झाल्यावर उठून एक चक्कर मारून आलो. बँकेची नोकरी सोडणे म्हणजे काय, हे मला विचारा. माझी पहिली कादंबरी बरी चालली होती, तेव्हा मीही एक राजीनामा लिहिला होता. टाइप करून, तारीख न घालता, टेबलाच्या खणात ठेवला होता. तारीख घालायची तेवढी राहिली. घराचे कर्ज होते, मुलीची शाळा होती, आईचे औषधपाणी होते. कारणे सगळी खरी होती आणि त्यांतले एकही मी आज खोटे ठरवणार नाही. बदलीच्या वेळी खण रिकामा करताना तो कागद सापडला, तेव्हा शाई फिकट झाली होती. मी तो घडी करून खिशात घातला आणि नव्या शाखेत रुजू झालो.

कॉल्डेकॉटला बायको नव्हती, मूल नव्हते, कर्ज नव्हते, हे खरे. पण त्याच्याकडे आणखी एक वस्तू नव्हती, आणि ती म्हणजे वेळ. निवृत्त झाल्यावर निवांत चित्रे काढू, हा विचार त्याला करताच येत नव्हता. मला नेहमी वाटते, धाडस हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. काही माणसे धाडसी असतात म्हणून उडी मारतात, आणि काहींना मागे उभे राहायला जागाच नसते. हा दुसऱ्या प्रकारातला असावा. त्याचे मोठेपण असे की, त्याने उडी मारली आणि त्याचा गाजावाजा केला नाही. त्याच्या चित्रांत कुठेही स्वतःविषयीची कीव दिसत नाही.

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या समोरच्या रस्त्यावर त्याने खोली घेतली. तिथे सगळे जगच मांडून ठेवलेले. पोटासाठी मासिकांची चित्रे आणि प्रवासवर्णनांची चित्रे, असे मिळेल ते काम तो करी. पॅरिसमधल्या उठावानंतर लंडनच्या आश्रयाला आलेला दालू नावाचा फ्रेंच शिल्पकार होता. कॉल्डेकॉट त्याला इंग्रजी शिकवी आणि दालू त्याला मातीकाम. अशी ही बिनपैशाची देवघेव. कोणत्याही लेजरमध्ये न चढणारी, पण दोन्ही बाजू जुळणारी. १८७५ साली वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाच्या जुन्या नाताळवर्णनांना त्याने चित्रे काढली आणि ते पुस्तक गाजले. व्हिटचर्चच्या परिसरातली माणसे अर्व्हिंगच्या पानांतून हिंडू लागली. लोक कॉल्डेकॉटला नावाने ओळखू लागले.

आता या गोष्टीत एक छापखानेवाला येतो. एडमंड इव्हान्स त्याचे नाव. लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करण्यात त्याचा हात धरणारा इंग्लंडात दुसरा नव्हता. त्या काळी मुलांची स्वस्त रंगीत पुस्तके निघत, पण त्यांची छपाई भडक आणि ओबडधोबड असे. मुलांनाच द्यायची आहेत, मग कशाला जीव टाका, असा तो हिशेब. इव्हान्सला हा हिशेब मान्य नव्हता. मूल आयुष्यात पहिले चित्र पाहते ते चांगलेच असले पाहिजे, आणि मोठ्या संख्येने छापले तर ते स्वस्तही देता येते, हा त्याचा विश्वास. वॉल्टर क्रेन या चित्रकाराबरोबर त्याने तशी पुस्तके काढूनही दाखवली होती. १८७७ च्या सुमारास क्रेन त्या कामातून थोडा बाजूला झाला, तेव्हा इव्हान्स कॉल्डेकॉटकडे आला.

या दोघांमधला व्यवहार मला बँकवाला म्हणून फार आवडला. ठशांचा आणि छपाईचा खर्च इव्हान्सने करायचा. चित्रांसाठी कॉल्डेकॉटने ठोक रक्कम घ्यायची नाही; पुस्तक खपले तर प्रतीमागे थोडी रक्कम, न खपले तर श्रम वाया. नोकरी सोडून पाच वर्षे झालेल्या, प्रकृतीने अशक्त माणसाने हा करार करावा, हे कोणत्याही शाखाधिकाऱ्याला पटले नसते. मी तर कर्जाचा अर्जच परत केला असता!

कामाची पद्धतही सांगण्यासारखी आहे. कॉल्डेकॉट लेखणीने कागदावर चित्र काढी. ते छायाचित्राच्या मदतीने लाकडी ठोकळ्यावर उतरवले जाई आणि कोरक्ये रेघन् रेघ कोरून काढीत. त्या मुख्य ठशाचा एक छाप कॉल्डेकॉटकडे परत येई आणि तो त्यावर जलरंग भरी. मग इव्हान्स त्या रंगांचे पृथक्करण करून प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा तयार करी आणि एकावर एक छाप घेई. एका रंगाचा ठसा केसभर सरकला, तर गालाचा तांबडेपणा कानावर जाणार! या उठाठेवीनंतर पुस्तकाची किंमत होती एक शिलिंग.

१८७८ च्या नाताळात पहिली दोन पुस्तके आली: 'द हाऊस दॅट जॅक बिल्ट' आणि 'जॉन गिल्पिन'. पहिले म्हणजे एकाला एक जोडत जाणारे साखळीगीत; आपल्याकडच्या आज्याही अशा साखळ्या गुंफीत आल्या आहेत. दुसरे म्हणजे कूपर या कवीचे गाजलेले विनोदी काव्य. लग्नाच्या वाढदिवशी सहलीला निघालेल्या एका कापडवाल्याचा घोडा उधळतो आणि त्याला भलतीकडेच घेऊन जातो. व्हिटचर्चमध्ये घोडेस्वारी केलेल्या कारकुनाला याहून चांगला विषय कोणता मिळणार? चौखूर सुटलेला घोडा, मानेला मिठी मारलेला मालक, उडालेली टोपी, पायांत येणारी बदके आणि मागून धावणारी कुत्री. पानावर आवाज नसतो. पण हे चित्र पाहताना कानात गलका होतो. पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. मग दर नाताळला दोन, असा परिपाठच पडला. १८७८ ते १८८५ या आठ वर्षांत सोळा पुस्तके झाली. १८८४ पर्यंतच त्यांतल्या पहिल्या बारा पुस्तकांचा खप आठ लाखांच्या वर गेला होता. परत केलेला अर्ज मला पुन्हा मागवून घ्यावा लागला असता, हे कबूल.

पण खप हे काही मोठेपणाचे कारण नव्हे. या पुस्तकांत नवे काय होते? तोवर मुलांच्या पुस्तकातले चित्र म्हणजे मजकुराचा शिपाई. मजकुरात मांजर आले की चित्राने मांजर आणून हजर करायचे, राजा आला की राजा. जे सांगितले तेच पुन्हा दाखवायचे. कॉल्डेकॉटने चित्राला स्वतःची जीभ दिली. शब्द जिथे थांबतात, तिथून त्याचे चित्र बोलू लागते. आणि शब्द एक सांगत असताना चित्र हळूच दुसरेच सांगते. गवयाने बंदिशीची एकच ओळ घ्यावी आणि तिच्यातून तासभर राग उलगडून दाखवावा, तसे तो चार ओळींचे बडबडगीत घेऊन अख्खे पुस्तक उभे करी. अर्धी ओळ एका पानावर, उरलेली अर्धी पान उलटल्यावर. मधल्या जागेत मुलाचा श्वास अडकलेला.

एक उदाहरण सांगतो. 'हे डिडल डिडल' हे बडबडगीत इंग्रजी शाळेत गेलेल्या आपल्या मुलांनाही पाठ असते. त्यात शेवटी बशी आणि चमचा पळून जातात, आणि गाणे हसतखेळत संपते. कॉल्डेकॉटच्या पुस्तकात त्यापुढे एक चित्र आहे. बशी फुटून तुकडे तुकडे होऊन पडली आहे आणि चमच्याला तिचे आईबाप ओढून घरी नेत आहेत; आईबाप म्हणजे सुरी आणि काटा! एक शब्दही नाही. पळून जाऊन लग्न करणाऱ्यांचे पुढे काय होते, याची आख्खी कादंबरी एका छोट्या चित्रात. मूल फुटलेली बशी पाहून हसते. मोठा माणूस हसता हसता थांबतो. मी तीनशे पानांत जे सांगू पाहिले, ते या गृहस्थाने काट्याच्या आणि सुरीच्या ताठ पाठीतून सांगितले आहे.

वगळणे ही एक विद्या आहे, अशी त्याची धारणा होती. रेघा जितक्या कमी, तितक्या चुका कमी. त्याची चित्रे पाहिली की हे पटते. पार्श्वभूमी बहुधा कोरी, आकाश कागदाचेच, आणि मधोमध धावणारी माणसे. या साधेपणामागे किती रद्द केलेले कागद असतील, ते लिहिणाऱ्याला सांगायला नको. मला मात्र त्याच्या या वगळण्यात आणखी काही दिसते. ज्याची ताकद मोजकी आहे, तो ती उधळीत नाही. मोठमोठी तैलचित्रे काढावीत, अकादमीत नाव व्हावे, ही इच्छा त्यालाही होती आणि त्याने तशी चित्रे प्रदर्शनांत मांडलीही. पण त्याची खरी ताकद शिलिंगाच्या पुस्तकांतच उतरली.

१८८० च्या मार्चमध्ये मारियन ब्रिंड हिच्याशी त्याचे लग्न झाले. केंट परगण्यात एका खेड्याजवळ त्यांनी घर केले. आसपास शेते, घोडे, कुत्री असे सगळे पुन्हा व्हिटचर्चसारखेच. संसार प्रेमाचा होता, पण मूल झाले नाही. लक्षावधी घरांतली मुले ज्याची पुस्तके उशाशी घेऊन झोपत, त्याच्या घरात पाळणा हलला नाही. यावर कादंबरीकाराने पानेच्या पाने लिहिली असती. कॉल्डेकॉटने १८८२ साली सशाचे कातडे पांघरलेले बाळ काढले आणि तो पुढच्या पुस्तकाला लागला.

हिवाळा आला की प्रकृती ढासळे. इंग्लंडची थंडी टाळण्यासाठी तो पूर्वी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर जाऊन राहिला होता. १८८५ च्या अखेरीस त्याने मोठा बेत केला. अमेरिकेत जायचे, तिथल्या जीवनाची चित्रे 'द ग्राफिक' या साप्ताहिकासाठी काढायची आणि हिवाळा फ्लोरिडाच्या उबेत काढायचा. काम आणि हवापालट दोन्ही साधतील, असा हिशेब. नवराबायको जहाजात बसली. समुद्र खवळलेला होता. त्या प्रवासानेच तो खचला. न्यूयॉर्कहून दक्षिणेकडे प्रवास करीत दोघे फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला पोहोचली. आणि ज्या उबेसाठी एवढा समुद्र ओलांडला, तिथेच त्या वर्षी नेमकी कडाक्याची थंडी पडली. १८८६ च्या फेब्रुवारीत तिथेच त्याचा मृत्यू झाला. चाळिसावा वाढदिवस अवघा महिनाभर पुढे होता. त्याला तिथेच पुरण्यात आले. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात आल्फ्रेड गिल्बर्ट या शिल्पकाराने घडवलेले त्याचे स्मारक आहे.

हिशेब मांडायचा तर असा: अकरा वर्षे बँकेची, चौदा वर्षे स्वतःची. त्या चौदांतली आठ बडबडगीतांच्या पुस्तकांची. आमच्याकडे आठ वर्षांत अधिकाऱ्याची एखादी पदोन्नती होते, फार तर दोन बदल्या.

पण या आठ वर्षांवर किती व्याज चढले पाहा. लंडनमधल्या एका श्रीमंत वकिलाने कॉल्डेकॉटची काही मूळ चित्रे विकत घेऊन घरात लावली होती. त्याची मुलगी ती पाहत वाढली. तिचे नाव बिअॅट्रिक्स पॉटर. १९०२ साली तिच्या 'पीटर रॅबिट'ने जगभरच्या मुलांना वेड लावले. ते पुस्तक छापले गेले इव्हान्सच्याच छापखान्यात. पुढे अमेरिकेत चित्रांच्या पुस्तकांना बहर आला, तेव्हा तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेने वर्षातल्या उत्कृष्ट चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला पदक द्यायचे ठरवले आणि त्याला नाव दिले कॉल्डेकॉटचे. १९३८ पासून ते दिले जाते. त्या पदकावर उधळलेल्या घोड्यावरचा जॉन गिल्पिन आहे. बदकांच्या पिल्लांना रस्ता ओलांडू देणाऱ्या पोलिसाची गोष्ट सांगणाऱ्या रॉबर्ट मॅक्क्लॉस्कीला ते १९४२ साली मिळाले, बर्फात एकट्याने खेळायला निघालेल्या काळ्या मुलाचे पुस्तक करणाऱ्या एझ्रा जॅक कीट्सला १९६३ साली, आणि राक्षसांच्या बेटावर जाऊन राजा होणाऱ्या मॅक्सची गोष्ट रंगवणाऱ्या मॉरिस सेंडॅकला १९६४ साली. सेंडॅकने तर आधुनिक चित्रपुस्तकाचे जनकत्व कॉल्डेकॉटकडे दिले आणि १९८८ साली निघालेल्या आपल्या लेखसंग्रहाच्या नावातही त्याला पहिले स्थान दिले. आज आपल्या घरातल्या मुलांच्या हाती जी चित्रपुस्तके दिसतात, त्यांत शब्द कमी आणि चित्रे बोलकी असतील, तर त्यांच्या कुळाचा धागा मागे मागे जात याच कारकुनापर्यंत पोहोचतो.

निवृत्तीनंतर मला पुष्कळदा विचारतात, नोकरी सोडून पूर्णवेळ लिहिले असते तर आणखी किती लिहून झाले असते? पूर्वी मी हसून उत्तर टाळीत असे. आता सांगतो की, ते मला माहीत नाही. पण काउंटरच्या पलीकडे उभी राहिलेली माणसे वजा केली, तर माझ्या कादंबऱ्यांत फारसे काही उरणार नाही. कॉल्डेकॉटची सहा वर्षे वाया गेली नाहीत, तशी माझीही गेली नसावीत. फरक एवढाच की, त्याने वेळेवर तारीख घातली. तो कागद माझ्याकडे अजून आहे. आता त्याचा उपयोग पुस्तकात खूण म्हणून होतो.

नात परत जायच्या आदल्या रात्री पुन्हा तेच पुस्तक निघाले. मी वाचत गेलो, शेवटचे पान आले. दुपारच्या तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहून गेले होते. तेव्हा आता काहीतरी सांगावे, निदान बाळाच्या मनात काय चालले असेल ते रंगवून सांगावे, म्हणून मी तोंड उघडले. तोच तिने आपला छोटा तळहात माझ्या तोंडावर ठेवला. त्या पानावर वाचायचे नसते, हे तिला माझ्या आधी कळले होते. मग आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसून ते ससे पाहत राहिलो.